दुसऱ्या थरावरची पाठवणी

एक

कोकिळाच्या लग्नाची डिस्क एक तास एक्केचाळीस मिनिटांनी अडकायची. दर वेळी तिथेच. मांडवाच्या दारात ती वडिलांच्या गळ्यात पडायची, त्यांच्या कानाशी तोंड न्यायची, ओठ हलू लागायचे, आणि चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे. प्लेअरमधून टकटक आवाज यायचा. मग काळा पडदा.

तिचे वडील उखर्डूआबा रिमोट खाली ठेवत नव्हते. पुन्हा मागे नेत, पुन्हा लावत.

"किती दिवस चाललंय हे?" सुलक्षणाने हळूच विचारलं.

"बारावं झाल्यापासून," भिकुबाई म्हणाली. "रोज संध्याकाळी."

सुलक्षणा ही कोकिळाच्या आईची, भिकुबाईची धाकटी बहीण. धुळ्याला एका तांत्रिक संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. बंद पडलेलं यंत्र समोर ठेवलं की कुठे बिघडलंय ते शोधून काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे. भडगावजवळच्या या गावात ती दर सुट्टीला यायची, ती कोकिळासाठी. आता कोकिळा नव्हती. २०१४च्या मे महिन्यात लग्न झालं, ऑगस्टमध्ये डेंग्यूच्या तापाने चार दिवसांत गेली. तेवीस वर्षांची होती.

आबांनी शेवटी टीव्ही बंद केला.

"सुलू, मनी पोर काय बोलनी ते माले आयकनं शे," ते म्हणाले. "बँड वाजत होता. मी फक्त 'नको' इतलंच आयकं. तिले शिकनं होतं, बी.एड. करनं होतं. मी घाई करी. ती माले 'नको' म्हननी, सुलू. जावाना टायमाले 'नको' म्हननी."

धुळ्याचं ते स्थळ सुलक्षणानेच आणलं होतं.

"स्टुडिओवाल्याकडे मूळ रेकॉर्डिंग असेल की," ती म्हणाली.

भिकुबाई तिला ओसरीत घेऊन गेली. "जळगावला दोनदा माणूस पाठवला. ते म्हणतात, पुसलं गेलं. आणि गावात काय बोलतात माहीत आहे? जावई त्या स्टुडिओत जाऊन आले होते. कोकिळा गेल्यावर दहाच दिवसांनी."

दोन

सुलक्षणाने डिस्क आणि आबांचा जुना प्लेअर, दोन्ही धुळ्याला नेलं. संस्थेच्या प्रयोगशाळेत डिस्क कॉम्प्युटरमध्ये घातली आणि एक तास एक्केचाळीस मिनिटांची वाट बघत बसली.

त्या जागी चित्र क्षणभर थबकलं आणि पुढे सरकलं.

तिने श्वास सोडला. म्हणजे पाठवणी होती! डिस्कवरच होती.

ही दोन थरांची डिस्क होती. लांबलचक लग्न एका थरात मावत नाही, म्हणून उरलेलं दुसऱ्या थरावर लिहितात. वाचणारा किरण पहिला थर संपला की दुसऱ्यावर उडी मारतो. ही उडी कुठे मारायची ते डिस्क तयार करणारा आधी ठरवून देतो. जाणता माणूस ती नव्या प्रसंगाच्या अगदी सुरुवातीला ठेवतो, म्हणजे अडखळलं तरी कळत नाही. इथे पाठवणीचा प्रसंग सुरू झाला होता आणि उडी त्यानंतर साडेतीन मिनिटांनी, बोलण्याच्या ऐन मध्यात पडली होती. कॉम्प्युटर ते सांभाळून घेत होता. आबांचा प्लेअर तिथेच मान टाकत होता.

तिने आवाज वाढवला. बँड, बायकांचं रडणं, कुणाचा तरी खोकला. कोकिळाचं तोंड आबांच्या कानाशी गेलं. "आबा," एवढं स्पष्ट ऐकू आलं.

आणि सनई सुरू झाली. मोठ्याने, वरून घातलेली. कोकिळा बाजूला झाली तेव्हाच ती थांबली, आणि पुन्हा बँड, पुन्हा रडणं.

सुलक्षणाने तो तुकडा सात वेळा बघितला. पूर्ण लग्नात दुसरीकडे कुठेही आवाज झाकलेला नव्हता. फक्त इथे, नेमका त्या वाक्यापुरता. ज्याने हे केलं त्याने ते वाक्य आधी ऐकलं होतं.

तीन

कोकिळाचा नवरा हितेंद्र, त्याचं दुकान धुळ्यातल्या देवपुरात. मोटारपंप दुरुस्तीचं. सुलक्षणाला बघून त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि खुर्ची पुसून दिली.

"मावशी, चहा सांगू?"

"नको. हितेंद्र, तू जळगावच्या स्टुडिओत गेला होतास?"

त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "गेलो होतो."

"कशाला?"

"तुम्हाला गावात सांगितलं असेल ना, मी पुसायला लावलं म्हणून." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर सुलक्षणाला बरं वाटलं असतं. "मी डिस्क लावली होती, लॅपटॉपवर. ती आबांच्या कानात काहीतरी बोलते आणि वर सनई. मी ती सनई काढून द्या म्हणायला गेलो होतो."

"का?"

"आमच्याकडे आली तेव्हा पहिले दोन महिने गप्प-गप्पच असायची. मग बोलायला लागली. मग हसायला लागली. मग गेली." त्याने पाना उचलला, पुन्हा ठेवला. "मला वाटलं, निघताना माझ्याबद्दल काहीतरी म्हणाली असेल. चांगलं नाही तर वाईट. काहीतरी."

"स्टुडिओत काय म्हणाले?"

"स्टुडिओवाले काका नुसते हसत होते. काकूंनी सांगितलं, हार्ड डिस्क खराब झाली, सगळं गेलं. तेव्हा रडत होत्या, मावशी. एका गिऱ्हाईकाचं रेकॉर्डिंग गेलं म्हणून कोणी एवढं रडतं का?"

चार

जळगावच्या पिंप्राळ्यात हबीबभाईंचं घर आणि स्टुडिओ एकच. पुढच्या खोलीत कॅमेरे, दिवे, कॉम्प्युटर, आणि खिळ्याला दोरीने टांगलेली एक लांबट वही. हबीबभाई खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी कोरलेली, पायात मोजे. पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, मग लग्नाचं शूटिंग करू लागले. जळगावात दोन थरांच्या डिस्क पहिल्यांदा त्यांनीच काढल्या, असं लोक सांगत.

"या, या. चहा घेतला?" ते म्हणाले.

त्यांची बायको जमीला दारातच उभी होती. "यांचा घसा बसलाय, ताई. काय ते मला विचारा."

"भाभी, भडगावकडच्या कोकिळाच्या लग्नाचं मूळ रेकॉर्डिंग…"

"हार्ड डिस्क गेली. कुंदनला विचारा, त्यानेच बघितली. स्टँडजवळ कॉम्प्युटरचं दुकान आहे त्याचं."

"पाठवणीत सनई कोणी घातली?"

जमीलाने नवऱ्याकडे बघितलं. "यांनीच. काम सगळं हेच करतात."

"चहा घेतला?" हबीबभाईंनी पुन्हा विचारलं.

सुलक्षणा वहीपाशी गेली. प्रत्येक डिस्कची एक ओळ. तारीख, गिऱ्हाईकाचं नाव, अक्षरं मिसळलेला एक आकडा आणि त्याच्यापुढे साधा आकडा. पेन्सिलीने, एकाच वळणात, सहा वर्षांच्या ओळी. "फोटो काढू का पानांचे?"

"घ्या ना, घ्या," हबीबभाई आनंदाने म्हणाले. जमीलाचा चेहरा उतरला.

कुंदनच्या दुकानात मात्र सरळ उत्तर मिळालं. तिशीतला, चष्मेवाला, तोंडाने फटकळ.

"हार्ड डिस्क खराब? कोणी सांगितलं? एकदम ठणठणीत होती, मॅडम. भाभींनी मला बोलावलं, पुसलेलं परत येतं का विचारायला. तोवर त्याच जागेवर दुसऱ्या लग्नाचं शूटिंग भरलं होतं, मग काय येणार? अपघाताने नाही गेलं ते. कुणीतरी फोल्डर निवडून, भर दुपारी, स्वतःच्या हाताने पुसलं होतं."

पाच

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावच्या एका मैत्रिणीच्या जेवणाच्या टेबलावर सुलक्षणाने वहीचे फोटो मोठे करून बघायला घेतले.

ती अक्षरं मिसळलेली मोजणी तिच्या रोजच्या शिकवण्यातली होती. आपण दहावर मोजतो, कॉम्प्युटरच्या आतली ही मोजणी सोळावर चालते. नवाच्या पुढे आकडे संपतात म्हणून अक्षरं घेतात. ए म्हणजे दहा, बी अकरा, सी बारा, असं करत एफ म्हणजे पंधरा. थर कुठे बदलायचा ती जागा हबीबभाईंचा एक प्रोग्रॅम या भाषेत दाखवायचा आणि डिस्क लिहिणारा दुसरा प्रोग्रॅम तीच जागा साध्या आकड्यात मागायचा. मधला हिशेब ते हाताने करत. वहीत फक्त प्रश्न आणि उत्तर होतं. पायऱ्या कुठेच नव्हत्या.

कोकिळाची ओळ: १सी८३४०. पुढे लिहिलं होतं १९३४१४४.

सुलक्षणाने कागदावर करून बघितलं. उत्तर यायला हवं १८६८६०८. फरक ६५५३६, बरोबर तेवढाच जेवढा सी बाराऐवजी तेरा धरला तर येईल. डिस्कवर त्याची लांबी साडेतीन मिनिटं.

तिने मागची पानं तपासली. २०१३च्या दिवाळीपर्यंत एकही चूक नाही. दिवाळीनंतर अकरा ओळी. दहा चुकलेल्या, एक बरोबर. रतिलालशेठच्या मुलीचं लग्न, १९३४८०, पुढे १६५१८४०. अगदी अचूक.

ती दिवसभर रिक्षाने फिरली. वहीतल्या पाच गिऱ्हाइकांकडे जाऊन डिस्क मागून आणल्या आणि सोबत आणलेल्या आबांच्या प्लेअरवर लावल्या. दिवाळीआधीच्या दोन्ही सुरळीत. नंतरच्या दोन अडकल्या. रतिलालशेठची अडकली नाही.

ही एकच का वाचली? तिने तो आकडा पुन्हा बघितला. एक, नऊ, तीन, चार, आठ, शून्य. आणि तिला दिसलं. या आकड्यात अक्षरच नव्हतं.

बाकी दहाही ठिकाणी अक्षरं होती, आणि दहाही ठिकाणी प्रत्येक अक्षर एकाने जास्त धरलेलं होतं. ए अकरा, बी बारा, एफ सोळा. गुणाकार किंवा बेरीज मात्र एकही चुकलेली नव्हती.

म्हातारा होत चाललेला माणूस चुकतो. पण विसरणारा माणूस दर वेळी वेगळं चुकतो. आज बेरीज विसरेल, उद्या एखादा आकडा गाळेल. ही चूक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच होती, मन लावून, जपून केलेली. चुकीचं शिकलेल्या माणसाची चूक होती ती.

म्हणजे दिवाळीपासून हबीबभाईंनी एकही डिस्क केलेली नव्हती. कोकिळाची पाठवणी दुसऱ्याच कुणीतरी जोडली होती, आणि तिचं वाक्य त्या माणसाने ऐकलं होतं.

सहा

जमीला एकटीच अंगणात कपडे वाळत घालत होती. सुलक्षणाने तिला कागद दाखवला नाही, नुसतं विचारलं, "भाभी, ए म्हणजे किती?"

"अकरा," जमीला पटकन म्हणाली. मग तिचा हात दोरीवरच थांबला.

"दहा असतात."

"नाही, ताई. यांनीच सांगितलं. मी विचारलं होतं, ए कितीचा धरायचा? म्हणाले, दस के बाद. दहाच्या नंतर म्हणजे अकराच ना?" ती सुलक्षणाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "त्यांनी सांगितलेलं चुकीचं असेल हे माझ्या मनातही आलं नाही. आकडे लिहायला मला त्यांनीच शिकवलं, लग्न झाल्यावर. पाटी आणून. अक्षरसुद्धा त्यांच्यासारखंच काढते मी."

ती पायरीवर बसली आणि सगळं सांगत गेली. गेल्या वर्षीच्या दिवाळीत हबीबभाई बाजारातून घरी यायचा रस्ता विसरले. मग नावं विसरू लागले. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. कॅमेरा मात्र हाताला आठवायचा. खांद्यावर ठेवला की चालायला लागायचे, काय घ्यायचं ते बरोबर घ्यायचे. ती सोबत जायची, सांभाळायला. घरी आल्यावर काम मात्र तिचं. मागे उभं राहून बघत-बघत जेवढं कळलं होतं तेवढ्यावर.

"लोकांना सांगितलं असतं तर?"

"लोक काय म्हणाले असते? हबीबभाई गेले. माणूस समोर बसलेला आणि लोक गेला म्हणणार. ते मला ऐकायचं नव्हतं."

"आणि ते फोल्डर?"

"जूनमधली दुपार होती. मी नमाजला बसले होते. परत आले तर हे कॉम्प्युटरपुढे. म्हणाले, ही कोणाची मुलगी आहे? आपल्याकडे कशाला? पुसून टाकली." जमीलाने डोळे पुसले. "डिस्क तर देऊन झाली होती, म्हणून मी गप्प राहिले. मग ऑगस्टमध्ये ती मुलगी गेल्याचं कळलं. नंतर जावई आले. मी त्या पोराकडे बघूही शकले नाही."

पुढचा प्रश्न विचारायची सुलक्षणाला भीती वाटत होती. उत्तर मिळालं की ते परत देता येणार नव्हतं. "सनई तुम्ही घातलीत?"

"हो. यांचा नियम होता. पाठवणीत कोणी कानात बोललं तर आवाज झाकायचा. ते त्यांचं त्यांना. गावाने बसून ऐकायचं नाही."

"भाभी, काय बोलली ती?"

"मी ते चार-पाच वेळा ऐकलं, सनई बसवताना. विसरले नाही. पण तुम्हाला नाही सांगणार, ताई. ज्याच्या कानात बोलली त्याला सांगेन."

सात

रविवारी दोघी भडगावला बसने गेल्या, तिथून रिक्षाने गावात. हबीबभाईंजवळ शेजारीण बसली होती. भिकुबाईने पाणी दिलं. उखर्डूआबा खाटेवर ताठ बसले होते, निकाल ऐकायला बसावं तसे.

जमीलाने डोक्यावरचा पदर सारखा केला. "आबा, चूक माझी आहे. डिस्क माझ्या हातून बिघडली. आधी ते सांगते, मग दुसरं."

"बिघाड जाऊ द्या, बाई," आबा म्हणाले. "ती काय बोलनी?"

जमीला जन्मापासून याच भागातली. तिने ते वाक्य कोकिळाच्याच बोलीत, कोकिळा बोलली होती तसं हळू सांगितलं.

"आबा, एकला जेवू नको. मायले जोडे बसाड. मी यीसू तव्हय तिन्हीजन बसूत."

आईला शेजारी घेऊन बस, मी आले की तिघं मिळून बसू, एवढंच ते बोलणं होतं. भिकुबाईच्या हातातलं तांब्या-भांडं तसंच राहिलं. आबा आणि भिकुबाईच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. आबा आधी जेवायचे, एकटे, आणि वाढायला कोकिळा असायची. भिकुबाई मागाहून चुलीपाशी जेवायची. त्या घरात ते कुणाला खटकलं नव्हतं. पोरीला खटकलं होतं.

"पुन्हा सांगा," आबा म्हणाले.

जमीलाने पुन्हा सांगितलं.

"'नको' ते हाई होतं," आबा पुटपुटले. "जेवू नको. एकला जेवू नको." सुलक्षणाला वाटलं होतं, त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही. सहा महिने ते पोरीचा आपल्यावरचा राग उराशी धरून बसले होते, आणि राग का होईना, तो तिचा होता. आता तोही गेला. ते खाटेवर आडवे झाले, भिंतीकडे तोंड केलं, आणि त्यांचे खांदे हलू लागले. भिकुबाई जवळ गेली. काय करावं ते तिला कळेना. शेवटी तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली.

हबीबभाईंच्या विसरण्याचं सुलक्षणाने आधीच फोनवर कळवलं होतं. थोड्या वेळाने आबांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "बाई, तुमना घरवाल्याले आते काय याद शे?"

"माझं नाव," जमीला म्हणाली. "सकाळच्या वेळी."

सुलक्षणा अंगणात आली आणि तिने हितेंद्रला फोन लावला. आबांना विचारूनच लावला, कारण ते वाक्य आबांचं होतं. तिने त्याला ते शब्द जसेच्या तसे सांगितले. पलीकडे दुकानात कसलं तरी यंत्र चालू होतं. ते बंद झालं.

"एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच."

"माझ्याबद्दल काही नाही?"

खोटं बोलणं सोपं होतं. रेकॉर्डिंग पुसलेलं होतं, ऐकणारी बाई आत बसली होती, आणि कोणी पडताळून बघणार नव्हतं. एक वाक्य वाढवलं असतं तर तिलाही बरं वाटलं असतं. कोकिळा हे लग्न नको म्हणाली नव्हती, पण हवं असंही म्हणाली नव्हती. आपण आणलेल्या स्थळाबद्दल तिच्या मनात काय होतं, ते सुलक्षणाला कधीच कळणार नव्हतं.

"नाही, हितेंद्र," ती म्हणाली. "तू त्यात नाहीस."

"बरं." मग म्हणाला, "मावशी, मी आबांना फोन करू? ते उचलतील?"

"माहीत नाही. करून बघ."

ती अंगणातच उभी राहिली. घरात फोन वाजायला लागला. खाट करकरली. भिकुबाई दबक्या आवाजात म्हणाली, "जावईना फोन शे." फोन वाजत राहिला. बंद पडेल असं वाटत असतानाच थांबला, आणि आबांचा ओला, जड आवाज ऐकू आला.

"बोल, बेटा."

त्यानंतर कितीतरी वेळ दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही. पण फोन कोणी ठेवलाही नाही.